आईचं काशीचं तिकीट

'काशीस जावे नित्य वदावे' हे आमच्या आईच्या तोंडी कायमच. डिचोलीच्या घरात सकाळी देवपूजा आटोपली की ती हे म्हणायची आणि मग चुलीकडे वळायची. बाबा होते तोवर 'पुढच्या वर्षी जाऊ' यावर गाडी थांबायची. बाबा गेले, आईचे गुडघे धरले, आणि २०२४ च्या आषाढात तिने पहिल्यांदा तारीख सांगितली. कार्तिक पौर्णिमेला काशीच्या घाटांवर दिवे लावतात, ते तिला बघायचं होतं. आपली देवदिवाळी मार्गशीर्षातली, काशीची त्रिपुरारीला. त्या दिवशी आई दरवर्षी साखळीला विठ्ठलापुरात जाते, वाळवंटी नदीत सोडलेल्या नौका बघायला. 'एकदा वाळवंटीऐवजी गंगेला,' एवढंच म्हणाली. बरोबर मावशी येणार होती. मावशीचा मुलगा बनारसला असतो, तो उतरवून घेणार होता. मला एवढी रजा नव्हती. म्हणजे बहात्तर आणि अडुसष्ट वर्षांच्या दोन बायका गोव्याहून दिल्लीमार्गे वाराणसीला एकट्या जाणार, आणि तिकिटं काढायचं काम माझ्याकडे.

त्या वर्षीची त्रिपुरारी पौर्णिमा १५ नोव्हेंबरला होती. जायचं रविवारी १० तारखेला, यायचं रविवारी १७ तारखेला, असं ठरलं. मी जुलैमध्ये एका तिकीट संकेतस्थळावर बसून शोधलं. आईला झेपेल अशा वेळेचं थेट विमान मिळेना, म्हणून दिल्लीला एक थांबा घेतला. पडद्यावर व्यवस्थित दिसत होतं: गोवा ते वाराणसी, एक थांबा, दिल्लीत दोन तास दहा मिनिटं. गोवा–दिल्ली एका कंपनीचं, दिल्ली–वाराणसी दुसऱ्या कंपनीचं. एक एअर इंडिया, एक विस्तारा. परतीचंही तसंच. दोन्ही टाटांच्या, दोन्ही लवकरच एक होणार हे वर्तमानपत्रात वाचलेलं. म्हणजे एकाच घरातल्या दोन खोल्या, असा मी विचार केला. पैसे भरले. मेल आला. वर संकेतस्थळाचा एक बुकिंग क्रमांक, त्याखाली लहान अक्षरांत जातानाचे दोन आणि येतानाचे दोन, असे चार पीएनआर. मी तो कागद छापला, एक प्रत मावशीला दिली आणि निर्धास्त झाले.

विलीनीकरणाची पार्श्वभूमी इथे सांगते, कारण पुढचा सगळा गुंता त्या तारखांभोवती आहे. विस्तारा ९ जानेवारी २०१५ ला उडायला लागली, तेव्हा तिच्यात टाटांचे ५१ टक्के आणि सिंगापूर एअरलाइन्सचे ४९ टक्के होते. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ ला सरकारकडून पुन्हा टाटांकडे आली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला जाहीर झालं, की विस्तारा एअर इंडियात विलीन होईल आणि एकत्र कंपनीत सिंगापूर एअरलाइन्सचा वाटा २५.१ टक्के राहील. पण कधी, ते बराच काळ कळलं नव्हतं. मी जुलैत तिकिटं काढली तेव्हाही तारीख जाहीर नव्हती. ती आली ३० ऑगस्टला: ११ नोव्हेंबर हा विस्ताराच्या नावाने उडण्याचा शेवटचा दिवस, १२ नोव्हेंबरपासून सगळी उड्डाणं एअर इंडियाची. १२ नोव्हेंबर आणि पुढच्या प्रवासासाठी विस्ताराची विक्री ३ सप्टेंबरपासून बंद.

आमची जायची तारीख १०, यायची १७. म्हणजे जाताना दोन कंपन्या, येताना एक. एकाच यात्रेत मध्येच एक नाव पुसलं जाणार होतं.

हे माझ्या ध्यानात आलं ते मात्र गणेश चवथीच्या धामधुमीत. ७ सप्टेंबरची चवथ. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या चौकटीचं, सामान आणायला डिचोलीच्या बाजारात गेले होते, हातात आंबाड्यांचा घड आणि कांगलांची जुडी, आणि फोन वाजला. परतीच्या वाराणसी–दिल्ली विमानाचा क्रमांक बदलल्याचा मेल होता. पद्धत सरळ होती. विस्ताराचे जे विमानक्रमांक 'यूके' ने सुरू होत, त्यांच्या जागी 'एआय' आणि जुन्या तीन आकड्यांच्या आधी एक २. उदाहरणार्थ, यूके ९५५ चं एआय २९५५. वेळ तीच, विमान तेच, माणसंही तीच. घाबरण्यासारखं यात काही नव्हतं. पण संकेतस्थळाच्या ॲपमध्ये बघितलं तर तिथे जुनाच क्रमांक. तिथे काही बदललंच नव्हतं.

चवथ झाल्यावर मी त्या संकेतस्थळाच्या मदत क्रमांकावर फोन केला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक मुलगा आला. त्याने सभ्यपणे सांगितलं, 'मॅडम, तुमची सगळी तिकिटं कन्फर्म आहेत.' मी विचारलं, गोव्याच्या मोपा विमानतळावर दिलेली बॅग थेट वाराणसीला निघेल ना? 'ते एअरलाइनला विचारा.' आईच्या व्हीलचेअरची नोंद दोन्ही विमानांवर आहे ना? 'ते पण एअरलाइनला.' मग मी पहिल्या कंपनीला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, 'या तिकिटावर फक्त गोवा–दिल्ली आहे. पुढचा प्रवास मला दिसत नाही.' व्हीलचेअरची नोंद तिने दिल्लीपर्यंत केली. दुसऱ्या कंपनीत फोन केला तर तिथल्या माणसाला आई दिल्लीलाच उगवलेली दिसत होती.

तेव्हा कुठे मला हळूहळू उमगलं, की ज्याला मी गोवा–वाराणसी तिकीट समजत होते, ते कुठल्याच कंपनीच्या लेखी तसं नव्हतं. ते फक्त त्या संकेतस्थळाच्या पडद्यावर होतं. मी तो जुलैचा मेल पुन्हा उघडला. अगदी तळाला, फिक्या राखाडी अक्षरांत, ही तिकिटं वेगवेगळी काढली असून सामान दिल्लीला स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागेल, असं लिहिलेलं होतं. पैसे भरण्याआधी ते ठळक दिसायला हवं होतं. हे मला आजही वाटतं आणि मी ते मनापासून म्हणते. असं तिकीट घेणारा माणूस तरुण असेल, पाठीवर एक पिशवी असेल, तर त्याचं काही अडत नाही. पण व्हीलचेअरवरच्या माणसाला खुर्ची ढकलणारा पोरगा दिल्लीला बाहेरच्या दारापर्यंत आणून सोडणार, कारण त्याच्या कागदावर प्रवास तिथे संपलेला. मग दोघी बायकांनी पट्ट्यावरून बॅगा ओढायच्या, वर निघण्याच्या मजल्यावर जायचं, दाराशी पुन्हा ओळखपत्र, पुन्हा रांग, पुन्हा सुरक्षा तपासणी. दिल्लीचं टर्मिनल तीन केवढं आहे ते ज्याने चालून बघितलंय त्याला सांगायला नको.

सप्टेंबरच्या अखेरीस आणखी एक झालं. विमानांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून लागतं. त्या वर्षी तो २७ ऑक्टोबरला होता. त्यात जातानाचं पहिलं विमान पन्नास मिनिटं पुढे गेलं. दिल्लीतला वेळ उरला एक तास वीस मिनिटं. संकेतस्थळाने हे कळवलंच नाही. मी रोज रात्री कंपनीच्या साइटवर पीएनआर घालून बघायची सवय लावून घेतली होती, म्हणून दिसलं. देशांतर्गत विमानाचं काउंटर सुटण्याआधी साधारण तासभर बंद होतं. म्हणजे उतरून, सामान घेऊन, वर जाऊन, पुन्हा बॅग द्यायला वीस मिनिटं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढून पणजीत अठरा जून रस्त्याच्या एका आडगल्लीत गेले. तिथे एक जुनी ट्रॅव्हल एजन्सी आहे. बाबा पूर्वी तिथूनच मुंबईची तिकिटं काढायचे, लाल कार्बनचा कागद असलेली, पुस्तकासारखी. दोन टेबलं, एक पंखा, भिंतीवर शांतादुर्गेचं कॅलेंडर. काका आता सत्तरीला आलेत, पण संगणकावरची बोटं तरुण आहेत. मी छापील कागद पुढे केला आणि पीएनआर सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

'पीएनआर नको, बाय. तिकीट नंबर सांग.'

मला फरक माहीत नव्हता. त्यांनी कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान उलटं केलं आणि त्यावर पेन्सिलीने लिहून दाखवलं. तिकीट क्रमांक तेरा आकडी असतो. पहिले तीन आकडे ते तिकीट कुठल्या कंपनीने दिलं ते सांगतात. एअर इंडियाचे ०९८. त्या क्रमांकाखाली कूपनं असतात, एकेका विमानाला एक कूपन, एका तिकिटाला चारपर्यंत. पूर्वी ती खरोखरची पानं होती, फाडून घ्यायचे. आता संगणकात आहेत, पण हिशेब तोच. 'पीएनआर म्हणजे जागा राखल्याची नोंद. तिकीट म्हणजे करार. आईचा करार गोवा ते वाराणसी असा एक आहे, की गोवा–दिल्ली एक आणि दिल्ली–वाराणसी दुसरा, हे बघायचं. बाकी सगळं नंतर.' त्यांनी आईचे क्रमांक पानावर एकाखाली एक उतरवले. जातानाचे दोन, येतानाचे दोन. चारही वेगळे. चारही तिकिटांवर एकेकच कूपन.

मी म्हटलं, 'पण काका, दोन्ही कंपन्या एकच होणार आहेत ना?'

'कंपन्यांचं लग्न ठरलंय. तुझ्या तिकिटांचं कोणी लावलेलं नाही.' आणि मग त्यांनी मला जुनी गोष्ट सांगितली. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया २००७ साली एक झाल्या, पण 'आयसी' हे जुनं अक्षर विमानांवरून गेलं ते २०११ मध्ये. मधली वर्षं लोक विचारत यायचे, हे कुठलं विमान, ते कुठलं. कागदावरचं एक होणं आणि काउंटरवरचं एक होणं यांत काळ जातो, हे त्यांनी एकदा बघितलेलं होतं. या वेळी कंपन्यांनी ते एका रात्रीत करायचं ठरवलं होतं, १२ तारखेच्या. ते त्यांना चांगलं वाटत होतं. पण १० तारखेला विमानं अजून दोन घरांची होती.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कोणीच सांगितलं नव्हतं. या दोन कंपन्यांमध्ये मे २०२३ पासूनच इंटरलाइन करार होता. म्हणजे विलीनीकरणाच्या दीड वर्ष आधीपासून दोन्हींची विमानं एकाच तिकिटावर काढता येत होती, पहिल्या विमानतळावरच दोन्ही बोर्डिंग पास मिळू शकत होते आणि सामान शेवटपर्यंत लावता येत होतं. सोय होती. आमची तिकिटं मात्र तिच्या बाहेर काढलेली होती, दोन सुटे भाव जोडून, कारण तसं थोडं स्वस्त पडतं. किती स्वस्त, ते मी त्यांच्यासमोरच काढून बघितलं. दोघींचे मिळून सातशे रुपये.

नियमाचंही त्यांनीच दाखवलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या प्रवासी नियमांत जोडविमान चुकल्यावर मिळणाऱ्या भरपाईचा उल्लेख आहे, पण तो एकाच तिकीट क्रमांकावर काढलेल्या जोडविमानाचा. दोन तिकिटं असली की दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी फक्त उशिरा आलेला असतो. पहिलं विमान का उशिरा आलं याच्याशी तिचा संबंध नाही. दोन्ही कंपन्यांचा मालक एक असला तरी नाही.

पुढचे दोन तास मी त्या पंख्याखाली बसून होते. जातानाची दोन्ही सुटी तिकिटं रद्द करायची ठरली. पहिल्याची वेळ कंपनीने बदललेली, त्यामुळे ते पूर्ण पैशांत परत होणार होतं. दुसऱ्याला रद्द करण्याची फी पडणार होती. परतीचं थोडं वेगळं होतं. वाराणसी–दिल्लीचं तिकीट आता नव्या क्रमांकाने एअर इंडियाकडे गेलेलं, दिल्ली–गोवा आधीपासून तिथलंच. दोन्ही विमानं एकाच कंपनीची, तरी तिकिटं दोनच. मला वाटलं होतं ती आपोआप जोडली गेली असतील. तसं होत नाही. ती रद्द करून एकाच क्रमांकावर नव्याने काढावी लागली.

अडचण अशी, की ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडूनच रद्द करावं लागतं. काका त्या संकेतस्थळाच्या तिकिटांना हात लावू शकत नव्हते. म्हणून मी तिथेच बसून फोनवरून एकेक रद्द करत होते आणि ते पलीकडे नवी जागा धरून ठेवत होते. आधी जागा धरायची, मग जुनं सोडायचं, हा क्रम त्यांनी मला पाळायला लावला. मध्येच ते थांबले आणि म्हणाले, 'जाणं मोपाहून आणि येणं दाबोळीला, हे मुद्दाम केलंस?'

मी केलंच नव्हतं. जुलैच्या त्या कागदावर दोन्हीकडे 'गोवा' एवढंच मोठं होतं. मोपा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाल्यापासून गोव्याला दोन विमानतळ झाले. एकाचं चिन्ह जीओएक्स, दाबोळीचं जीओआय. शेवटच्या एका अक्षराचा फरक, आणि मध्ये मांडवी, झुआरी आणि दीड-दोन तासांचा रस्ता. डिचोलीला मोपा सोयीचं. आम्ही परतीसाठी मोपाचं विमान बघितलं, पण त्याला दिल्लीत रात्रभर बसावं लागत होतं. तेव्हा दाबोळी ठेवलं, पण या वेळी कळून सवरून. गाडी कोण नेणार तेही तिथेच ठरवलं. परदेशात राहणारी गोव्याची मुलं दिवाळीला, नाताळला येतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते: 'गोवा' हा शब्द वाचून थांबू नका, तीन अक्षरं वाचा.

नव्या तिकिटात आईची व्हीलचेअर दोन्ही कूपनांवर नोंदवली. नावं आधारवर आहेत तशीच घातली, अक्षर न् अक्षर. जातानाच्या प्रवासाला दिल्लीत तीन तास मिळाले, येताना दोन तास चाळीस मिनिटं. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आसपास जास्त गेले. संकेतस्थळाने स्वतःची सेवा फी परत केली नाही. ती मी मागितली, दोनदा लिहिलं, नाही मिळाली. विमानांचे पैसे मात्र आले.

निघताना काकांनी ते कॅलेंडरचं पान घडी घालून मला दिलं. त्यावर आता फक्त दोन क्रमांक होते, आईचे, एक जाण्याचा, एक येण्याचा; प्रत्येकाखाली दोन रेघा. शेजारी मावशीचे दोन.

१० नोव्हेंबरला पहाटे आम्ही मोपाला पोहोचलो. काउंटरवरच्या मुलीने तिकीट बघितलं आणि न विचारताच म्हणाली, 'बॅग वाराणसीला मिळेल.' मी तिला टॅग चिकटवण्याआधी दाखवायला सांगितलं. लांब पांढरी पट्टी, वर मोठ्या ठळक अक्षरांत व्हीएनएस, त्याखाली बारीक डीईएल. मी त्याचा फोटो काढला. मुलगी हसली नाही. तिने पट्टी सरळ धरली, मला नीट फोटो मिळावा म्हणून. मग चार बोर्डिंग पास छापले, प्रत्येकीला दोन. दोन पासांवर दोन वेगळ्या कंपन्यांची नावं होती. दुसऱ्या दिवसानंतर त्यातलं एक नाव कुठल्याच पासावर छापलं जाणार नव्हतं. आईने ते चारही पास कुंकवाच्या डबीबरोबर पिशवीच्या आतल्या खणात ठेवले.

दिल्लीहून आईचा फोन आला तो निवांत आवाजात. व्हीलचेअरवाल्या पोराने तिला आतल्या आत एका दारातून दुसऱ्या दाराकडे नेलं होतं. 'बाहेर पडलोच नाही गो,' ती म्हणाली. 'मावशी मागून चालत होती, मी बसलेली. तो पोरगा बिहारचा. त्याची आई पण म्हणे काशीला जायचं म्हणते.' संध्याकाळी मावसभावाचा बाबतपूरच्या विमानतळावरून फोटो आला. दोघी आणि दोन बॅगा.

१२ तारीख कार्तिकी एकादशीची. सकाळी फोनवर बातम्या, विस्ताराच्या शेवटच्या उड्डाणांचे फोटो, पाणावलेल्या डोळ्यांचे कर्मचारी. मला खरंच वाईट वाटलं. जवळजवळ दहा वर्षं उडालेली कंपनी, नीट वागणारी माणसं. आई त्या दिवशी दशाश्वमेध घाटावर होती आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, मी घरी तुळशीचं लग्न लावलं. आईशिवाय पहिल्यांदाच. ऊस, आवळ्याची आणि चिंचेची डहाळी, सगळं तिच्या यादीप्रमाणे. मंगलाष्टकं तिने फोनवरून म्हटली आणि आम्ही अक्षता टाकल्या.

पौर्णिमेच्या रात्री घाटांवरचे दिवे तिने दाखवले. फोन हलत होता, दिसलं कमी आणि ऐकू जास्त आलं.

१७ तारखेला दुपारी मावशीचा घाबरलेला फोन. 'आपलं विमान फलकावर नाहीच!' मी विचारलं, कुठला नंबर बघतेस? तिच्या पर्समध्ये जुलैचा तो छापील कागद होता. मी नवा दिला होता, पण जुना तिने टाकला नव्हता. देवाच्या यात्रेचा कागद टाकायचा कसा, म्हणून. त्यावर यूके. मी म्हटलं, 'मावशी, तो कागद बाजूला ठेव. एआय शोध. त्यापुढे दोन. त्यापुढे तुझ्या कागदावरचेच तीन आकडे.' थोडा वेळ शांतता. मागे विमानतळाची घोषणा. मग, 'हां, हा बघ. आहे. पण पुढे उशीर लिहिलाय.'

दिल्लीत त्या दिवसांत धुरकं दाटलं होतं, विमानं मागेपुढे होत होती. वाराणसीहून निघायलाच सव्वा तास उशीर झाला. मी घरी वहीत हिशेब मांडला: दोन तास चाळीस मिनिटांतून सव्वा तास वजा, उरला एक तास पंचवीस. जुलैच्या तिकिटांवर हेच झालं असतं तर आई बाहेरच्या पट्ट्याजवळ बॅगेची वाट बघत असताना वर काउंटर बंद झालं असतं. आता बॅगेवर टॅग होता, हातात दुसरा पास होता. तरी मी काकांना फोन केला. ते म्हणाले, 'एक तिकीट आहे. चुकलं तरी पुढच्या विमानात बसवणं त्यांचं काम. तू आता दाबोळीला निघायचं बघ.' चुकलं नाही. विमानाच्या दाराशीच एक कर्मचारी 'गोवा' असा कागद घेऊन उभी होती. अशा सहा जणांना तिने एकत्र केलं आणि पुढच्या दारापर्यंत नेलं, हे मला नंतर कळलं.

रात्री झुआरीच्या पुलावरून जाताना वारा सुटला होता. दाबोळीला मी अर्धा तास आधी पोहोचले. दोघी बाहेर आल्या. आई व्हीलचेअरवर, मांडीवर शबनम, कपाळाला काशीचं गंध. मावशीच्या हातात ट्रॉली. ट्रॉलीवर दोन बॅगा, दोन्हींना पांढऱ्या पट्ट्या: जीओआय, त्याखाली डीईएल.

आईने मला जवळ घेतलं नाही, आधी बॅगेकडे बोट दाखवलं. 'ती निळी उघड.' मी म्हटलं, घरी गेल्यावर. 'नाही, आत्ता.' बाहेरच्या बाकावर बॅग आडवी ठेवून मी चेन उघडली. आत तिच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेला तांब्याचा गडू होता, तोंडाला डाक लावून बंद केलेला, गंगेचा. आमच्या घरातला आधीचा गडू बाबांच्या वेळी उघडला होता. त्यानंतर देव्हाऱ्यातली ती जागा रिकामी होती. मी लुगड्याचे पदर एकेक सोडवले आणि आतल्या घडीवर तळहात फिरवला.

'काय गो?' आईने विचारलं.

'कोरडं आहे.'